सासूबाईंचं मशीन आणि दोन लुगड्यांची गोधडी

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंचं काळं पायमशीन बारा वर्षं झाकून होतं, आता काढलं तर पॅडल जड लागतं, दोरा तुटतो. एकावर एक कापडाचे चार पदर घालून पाहिले तर चुण्या पडल्या आणि दोन सुया मोडल्या. सासूबाईंच्या दोन सुती नऊवारी लुगड्यांची गोधडी शिवायची आहे, लेकीला सातवा महिना लागलाय म्हणून बाळाचं दुपटंही करायचंय. आणि नवीन मोटारचं मशीन घ्यावं का, असं विचारलंय.

नवीन घेऊ नका. मी पस्तीस वर्षं गोधड्या शिवतेय, आमच्या सांगलीकडे वाकळ म्हणतात. हातानेही शिवते, मशीनवरही. पाच पदरांतून सुई ढकलायला जुन्या लोखंडी मशीनचं जड चाक जे काम करतं, ते हलक्या प्लॅस्टिकच्या घरगुती मशीनला झेपत नाही. पायमशीनचा वेगही आपल्या ताब्यात राहतो. तुमच्या मशीनला दुखणं काही नाही, ते आतून चिकटलंय. आणि चुण्या पडल्या त्या मशीनमुळे नाहीत, गोधडी जमिनीवर नीट अंथरली गेली नाही म्हणून पडल्या.

आधी मशीन मोकळं करू.

बारा वर्षांत आतलं तेल वाळून लाखेसारखं झालेलं असतं. त्यावर नुसतं नवं तेल सोडलं तर दोन दिवस हलकं वाटतं आणि पुन्हा जड होतं. म्हणून आधी ते जुनं तेल विरघळवायला थोडं रॉकेल लागतं. आता ते सहज मिळत नाही, पण वाटीभर पुरतं, कुणाकडे तरी निघेल. खिडक्या उघडून, देवघरापासून आणि गॅसपासून लांब बसा. सुई, दोरा आणि बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी, काढून ठेवा. मशीनच्या वरच्या अंगाला, मागे, आणि आडवं केल्यावर पोटात, जिथे जिथे तेलाची बारीक भोकं आहेत आणि जिथे लोखंडावर लोखंड फिरतं, तिथे दोन-दोन थेंब सोडा. डाव्या टोकाची चकचकीत पत्री स्क्रू काढून उघडा, आत सुईचा दांडा वरखाली होतो तिथेही. चाक हाताने पुढेमागे हलवा, जोर लावू नका. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी फिरवलं की तपकिरी पाणी गळेल. ते फडक्याने टिपा, पुन्हा थेंब सोडा, पुन्हा टिपा. तपकिरी रंग जाईपर्यंत हे करायचं. मला एका मशीनला तीन दिवस लागले होते.

मग लगेच शिलाई मशीनचं पांढरं तेल, प्रत्येक ठिकाणी एकच थेंब. ही पायरी चुकवू नका, कारण रॉकेल सगळंच तेल धुऊन नेतं आणि कोरडं मशीन चालवलं तर धातू घासतो. दोऱ्याशिवाय पाच मिनिटं चालवा, सगळीकडून पुसा, प्रेशर फूटखाली, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली, जुना सुती कपडा घडी करून ठेवा आणि रात्रभर सोडा. उरलेलं तेल तो पिऊन घेतो. दुसऱ्या दिवशीही पहिल्या चार टिपा फडक्यावरच मारायच्या, लुगड्यावर नाही.

खोबरेल, गोडंतेल, मोहरीचं तेल कधीच घालू नका. हे मी ऐकून सांगत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मशीनचं तेल संपलं म्हणून मी खोबरेल घातलं. दिवाळीनंतर थंडी पडली आणि मशीन एका सकाळी आवळून बसलं. खोबरेल चोवीस अंशांखाली थिजतं, आणि थिजलं नाही तरी हवेनं चिकट होतं. स्वयंपाकाच्या तेलांचंही पुढे तेच होतं. गंज सोडवायचा जो स्प्रे मिळतो तोही तेलाच्या जागी चालत नाही, तो उडून जातो.

मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी तेलाच्या ओलसर फडक्यानेच पुसा. स्पिरिट, थिनर, नखांचं पॉलिश काढायचं पाणी लावलंत तर सासूबाईंच्या वेळची ती फुलं फडक्यावर उतरतील.

पॅडल जड लागतं म्हणालात, त्यातला निम्मा जडपणा बहुतेक खालच्या स्टँडमध्ये असतो आणि तिकडे कुणी बघतच नाही. पॅडलच्या दोन्ही बाजूच्या टोकांना, मोठ्या चाकाच्या आसाला आणि पॅडलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीच्या वरच्या-खालच्या सांध्याला तेल द्या. चामडी पट्ट्याला मात्र तेलाचा हात लागू देऊ नका, तो निसटायला लागतो. पट्टा सैल झाला असेल तर तारेची कडी सोडवून अर्धा इंच कापायचा आणि टोचणीने नवं भोक पाडून पुन्हा जोडायचा. एकदम जास्त कापू नका, फार ताठ झाला तरी पॅडल जड होतं. पट्टा तडकला असेल तर नवा घ्या.

आणखी एक. चाक फिरतं पण सुई हलत नाही, असं झालं तर घाबरून कारागिराला बोलवू नका. चाकाच्या मधोमध जो गोल फिरकीसारखा स्क्रू असतो तो बॉबिन भरताना सैल करतात आणि मग आवळायचा राहतो. माझ्याकडे किती जणी असं ‘बंद पडलेलं’ मशीन घेऊन आल्या आणि तो स्क्रू आवळून परत गेल्या.

चाकच फिरत नसेल तर शटलमध्ये, म्हणजे खालचा दोरा वरच्या दोऱ्यात गुंफणाऱ्या भागात, दोरा अडकलेला असतो. डावीकडची सरकपट्टी बाजूला करून बॉबिन केस काढा. त्यामागे दोन लहान खटके दिसतील. ते बाहेर वळवले की कडं आणि आतलं चंद्रकोरीसारखं शटल हातात येतं. कोणत्या बाजूने निघालं ते लक्षात ठेवा, हवं तर मोबाईलने फोटो काढून ठेवा. आतले धागे चिमट्याने काढा, पुसा, कडेच्या खाचेत एक थेंब तेल, परत बसवा. सुया मोडल्या म्हणालात ना, त्यांची टोकं इथेच पडलेली असतात. लोहचुंबक फिरवा. टोक शटलमध्ये राहिलं तर पुढच्या सगळ्या सुया मोडत राहतील.

आता सुई. पातळ ब्लाउजपीसला अकरा नंबर, साध्या कापडाला चौदा, आणि पाच पदरी सुती गोधडीला सोळा. जीन्सचे तुकडे घालणार असाल तर अठरा. दर गोधडीला नवी सुई काढा. सुई दहा-पंधरा रुपयांची, लुगडं पुन्हा मिळणार नाही. बोथट सुई कापडाचे धागे तोडते, आणि टप-टप असा आवाज यायला लागला की समजायचं, तिचं टोक गेलं.

सुई बसवताना बहुतेक जणी चुकतात. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, आणि वरचा दांडा एका बाजूने चपटा असतो. चपटी बाजू शटलकडे आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. तुमच्या काळ्या मशीनला बॉबिन डावीकडून बसतं, म्हणजे चपटी बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे. ज्या मशीनला बॉबिन समोरून बसतं, त्यांना चपटी बाजू मागे आणि दोरा समोरून. उलटी बसली तर टाकेच पडत नाहीत किंवा दोरा सारखा तुटतो. तुमचा दोरा तुटतो त्याचं कारण बहुधा इथे आहे. दुसरं कारण दोराच असेल. सासूबाईंच्या डब्यातली रिळं वापरत असाल तर हातभर दोरा घेऊन दोन्ही हातांनी ओढून पाहा. पटकन तुटला तर ती रिळं कच्च्या टाक्यांना ठेवा.

आणि दोरा ओवताना प्रेशर फूट वर उचललेला हवा. तो वर असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, दोन चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांवरून नुसता सरकतो आणि कापडाच्या खालच्या बाजूला झालर होते. खाली झालर दिसली की लोक बॉबिनचा स्क्रू पिळायला घेतात, पण खालची झालर हा बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा सैलपणा असतो. बॉबिनचा ताण पाहायचा असेल तर केस दोऱ्याने हवेत लटकवा. तशीच लटकून राहायला हवी, आणि हाताला हलका झटका दिल्यावर दोन-चार बोटं उतरून थांबायला हवी. सरसर खाली आली तर सैल, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. स्क्रू एका वेळी घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं पुढे जावं एवढाच फिरवायचा.

इतकं झालं की मशीन तयार. आता लुगड्यांकडे येऊ, माझा जीव खरा इथे आहे.

दोन्ही लुगडी धुऊन, वाळवून उजेडासमोर धरा. नऊवारीचा कासोट्याचा भाग आणि मागचा भाग सगळ्यात आधी विरतो, पदराकडचा आणि निऱ्यांचा भाग टिकलेला असतो. दोन्ही हातांत धरून आडवं ताणा. चर्र आवाज आला तर तो तुकडा आतल्या पदरात, टिकाऊ तुकडे वर आणि खाली. काठ जाड असतो, तो वेगळा काढून ठेवा, गोधडीच्या चारी बाजूंना पट्टी म्हणून लावता येतो. दुपट्याला मात्र जरीचा काठ नको, जर बाळाच्या अंगाला ओरखडते.

हिशेब असा. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. पाच-पाच फुटांचे तुकडे केले तर एका लुगड्याचे पाच तुकडे होतात, वर दोन फूट उरतं. पन्हा साधारण पंचेचाळीस इंच धरला तर दोन तुकडे शेजारी-शेजारी ठेवून पाच फूट बाय साडेसात फुटांचा एक पदर होतो. दोन लुगड्यांचे दहा तुकडे, म्हणजे पाच पदर. काठ काढल्यावर लांबी पाच-सहा इंच कमी भरेल, ते धरून चाला. एका माणसाला अंथरूण-पांघरूण दोन्हीला चालेल अशी गोधडी, आणि उरलेल्या चार फुटांत दुपट्याचा वरचा पदर निघतो. फक्त सगळ्या पदरांचा जोड एकाच जागी येऊ देऊ नका, तिथे जाडी वाढते आणि सुई अडते. एका आड एक पदरात एक अख्खा तुकडा मधोमध ठेवा आणि दुसरा उभा निम्मा कापून दोन बाजूंना लावा. आतल्या पदरांचे जोड शिवायचीही गरज नाही, दोन बोटं एकमेकांवर चढवून ठेवले की पुरे.

आत नवं कापड घालायचं असेल, मांजरपाट वगैरे, तर ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या. न भिजवलेलं नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि जुनं आटत नाही, मग सगळी गोधडी सुरकुतते. लाल, जांभळा तुकडा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग लागला तर लागायचा थांबेपर्यंत साध्या पाण्यात धुवा, नाही थांबला तर तो तुकडा गोधडीत नको.

आता चुण्यांचं. मशीनचे दाते खालून ढकलतात, त्यामुळे खालचा पदर पुढे जातो. वरून प्रेशर फूट दाबून धरतो, त्यामुळे वरचा पदर मागे राहतो. दोन पदरांत हा फरक जाणवत नाही, पाचांत बोटभर होतो. मशीनमध्ये हे काही वाईट नाही, ते दोन कापडं जोडायला केलेलं आहे. आपण पाच पदर जणू एकच कापड आहे असं करून त्याला दिलं पाहिजे. ते काम जमिनीवर होतं.

फरशी पुसून घ्या. खालचा पदर उलटा अंथरून चारी कडांना डबे, वरवंटा, जे जड असेल ते ठेवून ताणा. त्यावर एकेक पदर टाकताना हाताने मधून बाहेर सारवल्यासारखा सपाट करा. सगळे पदर झाले की हाताने कच्चे टाके घाला, मधोमध पासून चार दिशांना, चार-चार बोटांचे लांब धावदोऱ्याचे, आणि दोन ओळींमध्ये वीतभर अंतर. सेफ्टी पिना लावल्या तरी चालतात, पण किती लावल्या ते कागदावर लिहून ठेवा. मला कच्चे टाकेच बरे वाटतात. त्यात अर्धा दिवस जातो आणि तो घालवावा. माझ्या ज्या गोधड्या बिघडल्या त्या सगळ्या इथे घाई केल्याने बिघडल्या.

रेघा मारायला अंगाच्या साबणाची वाळलेली चिपटी घ्या. रेघ बारीक येते आणि पहिल्या धुण्यात जाते. पेन कधीच नको, पेन्सिलही मागे राहते.

मशीनवर आणताना टाका मोठा करा, इंचाला सात-आठ. बारीक टाके जुन्या कापडाला ओळीने भोकं पाडतात आणि मग पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेघेवर फाटतं. प्रेशर फूटच्या दांड्याच्या वरच्या टोकाला दाबाचा स्क्रू असतो, तो थोडा सैल करा म्हणजे फूट वरचा पदर मागे ढकलणार नाही. दोरा सुतीच वापरा. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो आणि त्याच मजबुतीने विरलेलं सूत कापतो. दोरा तुटला तर पुन्हा टीप मारता येते, लुगडं फाटलं तर काही करता येत नाही.

पहिली टीप बरोबर मधोमध. तिथून एका बाजूला दोन-अडीच इंचांवर एकेक टीप, सगळ्या एकाच दिशेने. एक वरून खाली आणि पुढची खालून वर मारली तर मधलं कापड तिरपं पिळतं. अर्धी बाजू झाली की गोधडी फिरवून दुसरी अर्धी. मशीनच्या कमानीत जाणारा भाग चटईसारखा गुंडाळून कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवा. बॉबिन आधीच तीन-चार भरून घ्या, मधेच उठायला लागलं की हात बदलतो.

आणि गोधडी लटकू देऊ नका. डावीकडे आणि मागे टेबल, खुर्च्या, कॉट, जे असेल ते मशीनच्या उंचीला लावा. पाच पदरांचं वजन खाली लोंबलं की ते सुईला बाजूला ओढतं, सुई वाकून खालच्या पत्रीवर आदळते आणि मोडते. तुमच्या दोन सुया मला वाटतं अशाच गेल्या. तुम्हीही मागून ओढू नका, दात्यांना त्यांच्या चालीने नेऊ द्या.

विरलेल्या लुगड्यावर मशीन घालूच नका, हातानेच शिवा. हाताने शिवताना क्रम उलटा असतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत मधे येतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची गोधडी, कवंदी, अशीच कोपऱ्यापासून आत शिवत नेतात. हाताला ते जमतं, कारण सगळे पदर जमिनीवर पसरलेले असतात आणि डावा हात प्रत्येक टाक्याला सुरकुती पुढे सारत असतो. मशीनला ही समज नाही, म्हणून मशीनवर मधून बाहेर. हाताने शिवताना दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गाठी पडतात, आणि मेणावरून एकदा ओढून घ्या. सुई अडायला लागली तर साबणाच्या वडीत दोनदा खुपसा. ओढून काढायला सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा बोटात धरा, अंगुस्तानापेक्षा त्याची पकड चांगली.

गोधडी संपली की त्याच दिवशी मशीन उघडा. जुनं सूत फार भुगा सोडतं. सुईखालची पत्री दोन स्क्रू काढून उचला, दात्यांच्या मधे पांढरी नमद्यासारखी वडी बसलेली दिसेल. ती तिथे राहिली की दाते कापड पकडत नाहीत. शिवाय भुगा तेल शोषतो, दमट हवेत ओला होतो आणि लोखंड गंजवतो. जुन्या टूथब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते आणि भुगा आणखी खोल बसतो. शटलपाशी एक थेंब तेल देऊन ठेवा.

पावसाळ्यात मशीनवर प्लॅस्टिक नको, आत घाम धरतं. जुन्या चादरीचं सुती आवरण शिवा. सुयांसाठी एक लहान गादी करा आणि आत विंचरताना निघालेले केस धुऊन, पूर्ण वाळवून भरा. अशा गादीत सुया लवकर गंजत नाहीत. माझ्या आईची तशी गादी अजून माझ्याकडे आहे.

दुपट्याला हात हातभर चौकोन, तीनच पदर, सगळं सूत, आणि वरचा पदर सासूबाईंच्या लुगड्याचा. त्यावर मशीन नको, हाताचा धावदोरा घाला, तो मऊ राहतो. झाल्यावर पिना मोजा, कागदावरच्या आकड्याशी जुळल्या पाहिजेत. मग लोहचुंबक घेऊन दुपट्याच्या दोन्ही अंगांवरून, कडांवरून सावकाश फिरवा. मोडक्या सुईचं टोक हाताला लागत नाही, चुंबकाला लागतं. ते झालं की दोनदा धुवा, उन्हात उलटसुलट वाळवा, आणि मग लेकीकडे पाठवा.